वहीत चढलेली तक्रार

सांगलीच्या पेठेत तीन पिढ्यांपासून हळदीची अडत चालविणारे एक घर आहे. पेढीवर आणि घरीही थोरल्यांना सारे अण्णा म्हणतात. त्यांच्या मातोश्री ७८ वर्षांच्या. दम्याचा जुना विकार असल्याने दर तीन आठवड्यांनी त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. पहाटे ५ वाजता निघायचे, सकाळी तपासणी उरकायची आणि दुपारी १२ च्या सुमारास परतीला लागायचे, असा क्रम ठरलेला. ऊन उतरल्यावर निघणे सोयीचे झाले असते. परंतु सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण आटोपण्याचा आईंचा नेम आयुष्यभराचा, आणि तो मोडावा असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. त्यामुळे भर दुपारचा हा प्रवास मोटारीतील एसीच्या भरवशावर होत असे.

गेल्या एप्रिलमध्ये या भरवशाला तडा गेला. पुणे सोडल्यावर तासभर गाडी छान गार राहिली. मात्र खंबाटकी घाट मागे पडल्यावर गारवा कमी होत गेला आणि सातारा येईतो गाडीचा आतला भाग तापू लागला. काचा उघडाव्यात तर बाहेर रस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ. आईंना खोकल्याची उबळ आली. एका हॉटेलच्या सावलीत गाडी वीस मिनिटे थांबली, चहापाणी झाले, आणि पुन्हा चालू करताच एसी असा गार लागला, जणू काही घडलेच नव्हते.

पुढच्या खेपेस तोच प्रकार कराडजवळ घडला. घाईत अण्णांनी रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गाडी घातली. तेथील मिस्त्रीने ‘गॅस कमी झालाय’ असे सांगून गॅस भरला आणि रोख पैसे घेतले. पावती मागावी हे अण्णांना सुचले नाही. पेढीवर दहा रुपयांचा सुतळीचा तोडाही पावतीशिवाय न घेणाऱ्या माणसाकडून हे घडले, याची खंत त्यांना नंतर बरीच टोचली. दोन दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या दिवशी दोष परत आला.

गाडीच्या वॉरंटीची मुदत होती तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. काटा ६४ हजारांवर होता, म्हणजे किलोमीटरची चिंता नव्हती. तारीख मात्र १२ जून होती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तेथील तरुण ॲडव्हायझरने उभ्या गाडीत दहा मिनिटे एसी चालवून पाहिला आणि हसून म्हणाला, “काका, एसी एकदम ओके आहे. काळजी करू नका, तुमची तक्रार माझ्या लक्षात आहे.” अण्णा परतले. वाटेत त्यांना जाणवले की, पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर हळद पाहून साऱ्या गाडीचा भाव काढावा, तसाच हा प्रकार झाला. एक तासाने दिसणारा दोष दहा मिनिटांत कसा सापडावा? आणि ‘लक्षात आहे’ हा शब्द १२ जूननंतर कोणाच्या लक्षात राहणार होता?

त्या रात्री पेढीचे हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंनी एक कोरी वही काढली. “अण्णा, रोज जे घडेल ते लिहून ठेवू या. रोजकीर्द असली की खतावणी आपोआप बोलते,” त्या म्हणाल्या. तारीख, निघण्याची वेळ, काट्यावरील किलोमीटर, बाहेरचे हवामान, किती मिनिटांनी बिघाड झाला, गाडी गर्दीत होती की मोकळ्या रस्त्यावर, आणि थांबल्यावर किती वेळाने एसी सुधारला, असे रकाने त्यांनी आखले. शेवटचा रकाना अण्णांच्या चिरंजीवांनी सुचविला : ‘वारा कमी झाला, की वारा तसाच राहून गारवा कमी झाला?’

हाच रकाना पुढे सर्वांत मोलाचा ठरला. वारा जोरात येतो पण तो गरम असतो, आणि तेही केवळ सिग्नलला किंवा गर्दीत, तर पुढील कंडेन्सरचा पंखा किंवा त्याच्या जाळीत अडकलेली घाण यांवर संशय जातो. कारण गाडी धावताना मिळणारा वारा उभ्या गाडीला मिळत नाही. इंजिन फार तापल्यावरच गारवा जातो, तेव्हा कॉम्प्रेसरचा क्लच किंवा रिले तपासतात. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल, तर आतील झडपेचा दोष असू शकतो, किंवा गॅसही कमी झालेला असू शकतो. अण्णांच्या गाडीत यांतले काहीच नव्हते. ब्लोअरचा आवाज पूर्वीइतकाच होता, पण जाळीतून येणारा वारा हळूहळू क्षीण होत असे.

तीन आठवड्यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. कोरड्या दिवशी एसी दोन तासही टिकत असे. वळवाच्या पावसाने हवा दमट झाली की तासाभरात मान टाकी. थांबल्यानंतर गाडीखाली नेहमीपेक्षा मोठे थारोळे साचलेले दिसे.

१ जूनला अण्णा पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी चिरंजीव बरोबर होते. ॲडव्हायझरने जॉब कार्ड उघडून पहिलाच प्रश्न विचारला, “काका, एसीचे काम बाहेर कुठे केलेय का?” चिरंजीवांनी डोळ्यांनी खुणावले. बाहेर काम केल्याचे कळले तर वॉरंटी नाकारली जाईल, अशी धास्ती होती. पावती नव्हती, म्हणजे पुरावाही नव्हता. अण्णा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “होय. कराडजवळ गॅस भरला. तारीख वहीत आहे. त्याआधीही दोष होता, ते सुद्धा वहीत आहे.”

ॲडव्हायझरचा चेहरा जरा गंभीर झाला. त्याने वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनी वही सावकाश वाचली आणि म्हणाले, “हे सांगितलेत ते बरे झाले. नाहीतर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो.” यंत्राने गॅस काढून वजन केले, तेव्हा तो बोनेटखालच्या लेबलवरील आकड्यापेक्षा १५० ग्रॅम अधिक भरला. एसीतील गॅस हा हवा भरल्यासारखा अंदाजाने भरायचा नसतो. प्रत्येक गाडीसाठी ग्रॅममध्ये ठरलेले वजन असते, आणि जास्त भरणे हे कमी भरण्याइतकेच घातक असते. मोजून योग्य तेवढा गॅस भरला गेला.

मग अण्णांनी दोन गोष्टी आग्रहाने मागितल्या. पहिली, तक्रार त्यांच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहावी, ‘एसी नीट नाही’ एवढेच नव्हे, तर ‘साधारण एक तास चालल्यावर वारा कमी होतो, वीस मिनिटे थांबल्यावर पूर्ववत होतो; मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातही हीच तक्रार सांगितली होती’ असे. दुसरी, तंत्रज्ञाने तासभर त्यांच्या बरोबर गाडीत बसावे. दोन्ही मान्य झाल्या.

सुदैवाने त्या दिवशी आभाळ भरलेले होते. जाळीत ठेवलेला तापमापक सुरुवातीस ९ अंश दाखवत होता. ७० मिनिटांनी तो २३ वर गेला आणि वारा जवळजवळ थांबला. तंत्रज्ञाने स्कॅनर जोडला. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलचे तापमान सांगणारा सेन्सर ११ अंश दाखवत होता, आणि कॉइल मात्र बर्फाने माखलेली होती.

उलगडा झाला. कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. कॉइल गोठण्याच्या बेतास आली की सेन्सरच्या इशाऱ्यावर कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबतो. येथे सेन्सरच चुकीचा आकडा देत असल्याने कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. पाण्याचा बर्फ होई, बर्फ वाऱ्याची वाट अडवी. गाडी थांबली की बर्फ वितळे, खाली थारोळे साचे आणि एसी पुन्हा शहाणा होई. तंत्रज्ञाने एक उपायही सांगितला : रस्त्यात असे झाले तर एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, बर्फ वितळतो आणि प्रवास निभावतो.

सुटा भाग मागवावा लागणार होता आणि तो मुदतीनंतर येणार होता. परंतु दोष मुदतीत नोंदला गेला होता आणि भाग वॉरंटीखाली मागविल्याचे कार्डावर लिहिलेले होते. तो २१ जूनला आला आणि विनामूल्य बसविला गेला. गॅस काढून भरण्याचा आणि धुळीने भरलेला एसी फिल्टर बदलण्याचा खर्च अण्णांनी स्वतःहून दिला. “बाहेर गॅस भरणे ही आपली चूक, ती आपल्या नावे, सेन्सर त्यांचा, तो त्यांच्या नावे,” असे त्यांनी चिरंजीवांना सांगितले.

नात्यातील एका वकिलांनी नंतर एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी व्यापारी घरांनी ध्यानी ठेवावी. अनेकांच्या मोटारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असतात आणि म्हणून ग्राहक म्हणून दाद मागता येणार नाही असा समज असतो. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार तेवढ्याच कारणाने व्यापारी हेतूची ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जाता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अण्णांना यांतील कशाचीच गरज पडली नाही. तारखेसह भरलेली वही आणि नीट लिहिलेले जॉब कार्ड एवढ्यावर काम झाले. ज्यांच्या गाडीची मुदत सरत आली आहे, त्यांनी बिघाड लहान म्हणून तोंडी सांगून परतू नये. जॉब कार्डाची प्रत हाती आल्याशिवाय काउंटर सोडू नये.

जूनच्या अखेरीस आईंना पुन्हा पुण्यास नेले. परतताना बाहेर भुरभुर पाऊस होता, हवा दमट होती. घाट मागे पडला, सातारा जवळ आले. चिरंजीवांनी सवयीने वेग कमी करीत विचारले, “आजी, चहाला थांबायचे ना?” मागून उत्तर आले नाही. आई शाल गुंडाळून शांत झोपल्या होत्या. सायंकाळी साडेपाचला गाडी दारात उभी राहिली, आणि दिवे लागण्याआधी त्यांचे ताट मांडले गेले. सूनबाईंनी वहीत त्या दिवसाची तारीख घातली, बिघाडाच्या रकान्यात शून्य लिहिले आणि खाली आडवी रेघ ओढली.