दिवाळ्यात घर, पण दिवाळं नको!

दुबईतल्या मित्राला टॉवरमधला फ्लॅट नको, 'कॅरॅक्टर'वालं घर हवंय. म्हणून त्याच्यासाठी मी दिवाळ्यात फिरलो. सीबीडी बेलापूरच्या ऑफिसांना खेटून असलेला हा कोळीवाडा. खाडी, होड्या, जाळी, सुकटीचा वास. एकदम झकास!

पण बॉस, आधी पेपर्स! एनआरआयला घर घेता येतं; शेतजमीन रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय नाही. त्यात १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी घरं बांधली. मालकीचा गुंता तिथलाच. तेव्हा घर मूळ गावठाणात आहे का, ते तपासाच.

आणि हो, कोळी शेजारी गेले तर उरेल फक्त खाडी-फेसिंग पत्ता. मित्राला म्हटलं, आधी सहा महिने भाड्यानं राहून बघ.