पोहोचायला किती तास?

सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई हवाई अंतर किती? सर्च केलं की उत्तर मिळतं, साधारण १३,५०० किमी. पण आयत्या उत्तरावर विश्वास ठेवला तर आपण कसले इंजिनिअर! एका शनिवारी बसून स्वतःच काढलं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि हॅवरसाइनच्या सूत्रात टाकायचं. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम. उत्तर तेच आलं :)

खरी गंमत वाटेची आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवाल तर फसाल. घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून दोरा ताणून बघा. तो सैबेरियावरून चढत चढत आर्क्टिक समुद्रात ७७ अंश उत्तरेपर्यंत जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. जवळची वाट ही अशी!

म्हणजे ताशी ९०० च्या वेगाने पंधरा तास. सोप्पं? छे. वारा नावाचा प्राणी आहे ना मध्ये. उंचावरचे जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० जास्त. पण वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांत पोहोचलं, जवळजवळ दोन तास आधी! लांबची वाट लवकर पोहोचवते हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने वेड्यातच काढलं असतं.

आजीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ती गेली तेव्हा इथे दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे पुण्यात रात्रीचे अडीच. काकाचा फोन आला. त्याने एकच विचारलं, "तू निघालास तर कधी पोहोचशील? थांबायचं का आम्ही?"

अशा वेळी हॅवरसाइन उपयोगाचं नाही. मनात बेरीज सुरू झाली. घर ते विमानतळ आणि चेक-इन, चार तास. विमान आणि मधला थांबा, बावीस. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगा, दोन. तिथून एक्सप्रेस-वेने पुणे, चार. झाले बत्तीस. तेही त्याच संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली तर. पुण्यात मे महिना, आणि घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा.

"नका थांबू," म्हणालो. काका थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. पण तू ये."

गेलो. तिसऱ्या दिवशी पोहोचलो. आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "प्रवास कसा झाला रे? जेवलास का?" एवढंच बोलले.

तेव्हापासून कुणी ऑनसाइटची ऑफर घेऊन सल्ला विचारायला आलं, की पगार, व्हिसा, घरभाडं सगळं बोलून झाल्यावर मी एक प्रश्न विचारतो. तुझ्या दारापासून आईबाबांच्या दारापर्यंत किती तास? विमानाचे नकोत, दारापासून दारापर्यंतचे सांग. बहुतेकांनी तो आकडा कधी काढलेलाच नसतो.

जाऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये. मी स्वतः अजून इथेच आहे. पण आकडा माहीत असावा, आणि घरच्यांनाही तो सांगून ठेवावा. रात्री अडीच वाजता बेरीज करायला फार जड जाते.