धानाची ट्रॉली भरताना

नोव्हेंबर लागला की आपल्या बालाघाटच्या रस्त्यांवर धानाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहेच; पण पोत्यांच्या थप्पीवर आमच्याच शाळेची मुले बसलेली दिसली की जीव धास्तावतो.

पालकबंधूंनो, दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन एक्सलच्या किंचित पुढे असावे. सगळे मागे रचले तर ट्रॉलीचा दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फारच पुढे रचले तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उठते.

टायरचे दुखणे वेगळे. ट्रॉली हंगामात पळते, मग महिनोन्महिने अंगणात उन्हात उभी. नक्षी शाबूत दिसते, रबर मात्र कडेला तडकलेले. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. कमी हवेवर भरलेली ट्रॉली चालली की टायर तापून फुटतो.

हे आकडे शोधायचे काम आठवीच्या मुलांना द्या, हौसेने करतील. मंडी बघायचीच असेल तर त्यांना बसने पाठवा.