तालमीतल्या मित्रांनो

प्रिय बेणारे, सुखात्मे, काशीकर, मिसेस काशीकर, पोंक्षे, कर्णिक, रोकडे आणि सामंत,

तुमची खरी नावं इथे लिहीत नाही. नाटकाच्या ग्रुपमध्ये भूमिका मिळाली की माणूस त्याच नावाचा होतो. आजही फोन उचलल्यावर पलीकडून ‘सुखात्मे बोलतोय’ असंच ऐकू येतं आणि मलाही तेच बरं वाटतं.

पत्र लिहायला कारण घडलं आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. वर्गातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन ती पहिलंच मोठं नाटक बसवते आहे. प्रकाशयोजना, नेपथ्य, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, “मित्रांचं दिग्दर्शन करायचं तर मैत्री बाजूला ठेवावी लागते का?” विचार करून सांगते, म्हटलं. या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्याजवळ आहे ते तुमच्याबरोबरच्या तालमींतून आलेलं आहे. म्हणून ते आधी तुमच्यासमोर मांडते.

नव्वदच्या दशकातलं आपलं नाशिक आठवा. ग्रुपमधला एक जण ओझरला एचएएलमध्ये, एक सातपूरच्या कारखान्यात, एक नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, दोघी शिक्षिका, एक बँकेत. तालमीचं वेळापत्रक मी कधी संहितेवरून केलंच नाही, तुमच्या शिफ्टवरून केलं. सेकंड शिफ्ट लागली की कर्णिकचे प्रवेश रविवारी. फर्स्ट शिफ्ट असली की रोकडेला दहाच्या आत सोडायचं, कारण पहाटे त्याची बस. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावायची, फरशीवर खडूनं दारं आखायची आणि निघताना ती पुसून बाकं परत जागेवर ठेवायची. या कामाचे कुणाला पैसे नव्हते, कुणाच्या सह्या नव्हत्या. कुणी यायचं थांबला असता तर त्याला अडवायचा अधिकार मला नव्हता. हौशी नाटकाच्या दिग्दर्शकाला नट जेवढं ऐकतील तेवढाच अधिकार असतो.

आपण निवडलं होतं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. तेंडुलकरांनी ते ‘रंगायन’साठी लिहिलं आणि डिसेंबर 1967 मध्ये राज्य नाट्य स्पर्धेतच ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं. म्हणजे स्पर्धेत उतरणाऱ्या नाशिकच्या आठ जणांच्या आणि त्या नाटकाच्या घराण्यात फारसं अंतर नव्हतं. त्यातून नाटकातली माणसंही आपल्यासारखीच. एक हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावात येते, हाती वेळ असतो, म्हणून खेळातला खटला भरवते. आरोपी म्हणून आपल्यातल्याच एकीला, लीला बेणारेला, उभं करते. पुढे तो खेळ राहत नाही. तिच्या खाजगी आयुष्याबद्दल ज्यानं जे ऐकलं-पाहिलं असेल ते एकेक जण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ओततो. तिला निघून जायचं असतं, पण दार बाहेरून लागलेलं असतं.

भूमिका वाटल्या ती संध्याकाळ या सगळ्या काळातली सर्वांत अवघड. काशीकर, तुला सुखात्मे हवा होता. आपल्या दोघांची शाळेपासूनची ओळख. तुला नाही म्हणणं मला जड गेलं. पण तुझ्या आवाजात न बोलता बसून राहणाऱ्या माणसाची जरब होती आणि सुखात्मेला सतत बोलणारा, स्वतःच्याच बोलण्यावर खूश होणारा माणूस हवा होता. हे मी तुला सगळ्यांसमोर वाचनाच्या वेळी सांगितलं नाही. आदल्या दिवशी तुझ्या घरी येऊन, कारणासकट सांगितलं. तू बराच वेळ गप्प होतास. मग तू काशीकरच्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारायला घेतल्यास. दुसऱ्या दिवशी तालमीला सगळ्यांत आधी आलास. त्या क्षणी मला जे दिलंस, ते व्यावसायिक नाटकात मानधन घेणारा नट दिग्दर्शकाला देणं लागत नाही.

तिसरा अंक उभा राहायला लागला तेव्हा खरी अडचण आली. बेणारेवर तुटून पडायच्या प्रवेशात तुम्ही सगळे सौम्य होत होता. वाक्य कठोर, पण त्यामागे क्षमा मागितल्यासारखा सूर. मिसेस काशीकर तर तिच्याकडे बघायचंच टाळायची. मूव्हमेंट बदलून पाहिल्या, लय वाढवून पाहिली. प्रवेश काही जागेवर येईना. तेव्हा बेणारेच म्हणाली, “तुम्ही सगळे मला सांभाळताय. त्यामुळे मी एकटी पडतच नाही.” या एका वाक्यानं तालीम पुढे सरकली. पुढच्या खेपेला तुम्ही तिला खरोखर घेरलं. आणि आपण एक नियम केला. तिसरा अंक झाला की कुणी लगेच घरी जायचं नाही. सगळ्यांनी फरशीवर गोल बसायचं, चहा घ्यायचा, आणि तेवढा वेळ एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारायची.

मग राहिलं शेवटचं स्वगत. बाकीची सगळी पात्रं निश्चल आणि एकटी बेणारे बोलते आहे. ‘रंगायन’च्या त्या पहिल्या प्रयोगाचे दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला म्हणून तेंडुलकरांनी ते लिहिलं, हे मराठी नाटकवाल्यांना ठाऊक आहे. बेणारे करत होत्या सुलभा देशपांडे, दिग्दर्शकाच्या पत्नी. स्वतःच्या सर्वांत जवळच्या माणसाचं दिग्दर्शन करणाऱ्या त्या माणसानं लेखकाकडे जाऊन तिच्या पात्रासाठी बोलायची जागा मागून घेतली. दिग्दर्शन म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा या एका गोष्टीनं जास्त समजावलं.

आपल्या तालमीत मात्र ते स्वगत येत नव्हतं. शब्द पाठ होते, पॉझ जागच्या जागी होते, पण बाई कोरडी राहत होती. बेणारे, आता इतक्या वर्षांनी हे लिहायला तू परवानगी दिली आहेस, म्हणून लिहिते. तुझ्या आयुष्यात त्या वर्षी काय चाललं होतं ते ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. तो विषय नुसता काढला असता तरी डोळ्यांत पाणी आलं असतं आणि प्रवेश उभा राहिला असता. दिग्दर्शकाला हा मोह होतो. मित्राचं मन कुठे दुखतं हे त्याला माहीत असतं आणि स्पर्धेची तारीख जवळ आलेली असते. पण आपण बसवत होतो ते नाटकच मुळी याबद्दल होतं. मित्र म्हणवणाऱ्यांनी एका बाईचं खाजगी दुःख खेळासाठी वापरलं, तर काय होतं ते तेंडुलकरांनी लिहून ठेवलेलं होतं. ते नाटक नीट बसावं म्हणून मी तेच करणं मला मान्य नव्हतं.

म्हणून आपण दोघी संहितेकडे परत गेलो. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, कुठे समोर बघायचं आणि कुठे कुणाकडेच नाही, असं ओळीओळीनं काम केलं. बाकीचे सगळे त्या वेळी आपापल्या जागी पुतळ्यासारखे उभे राहत होते. सामंत, पोंक्षे, रोकडे, दिवसभर मशिनपुढे किंवा काउंटरवर उभं राहून आल्यावर एक शब्द न बोलता पुन्हा तेवढा वेळ उभं राहणं, यासाठी राज्य नाट्य स्पर्धेत कुठलंही पदक ठेवलेलं नाही. तुम्ही ते रोज केलंत. एका रात्री ते स्वगत आलं. चहाच्या वेळी बेणारे माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “तुला माहीत होतं, तरी तू काढलं नाहीस.” मला मिळालेली सगळ्यांत मोठी पावती ती हीच.

प्रयोग परशुराम साईखेडकर नाट्यगृहात झाला. डिसेंबरातली नाशिकची थंडी, सकाळपासून फ्लॅट उभे करण्याची आणि लाइट लावण्याची घाई, मेकअपच्या खोलीत संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर, मग तिसरी घंटा. आपण अंतिम फेरीला गेलो नाही. बेणारेला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं आणि ते प्रत्येकानं आपलंच असल्यासारखं हातात घेऊन पाहिलं.

अशा ग्रुपांना हौशी म्हणून कमी लेखणाऱ्यांना मी नाशिकचाच इतिहास सांगते. इथल्या एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ 1957 मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं, म्हणजे हौशी मंडळींनीच, केलं. त्यात काम करणारे श्रीराम लागू तेव्हा डॉक्टरकी सांभाळून नाटक करत होते. नाक-कान-घशाचा हा सर्जन 1969 मध्ये पूर्ण वेळ रंगभूमीवर आला तो कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’मधून, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या दुसऱ्या नाटककारानं, वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेला ‘नटसम्राट’ त्यानं उभा केला. आपल्या पुढच्या पिढीचंही तेच. प्राजक्त देशमुख या नाशिकच्या लेखक-दिग्दर्शकाची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती. 2017 च्या अखेरीस ती ‘संगीत देवबाभळी’ होऊन व्यावसायिक रंगमंचावर आली. तिचे संगीतकार आनंद ओक नाशिकचेच. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार याच नाटकाला मिळाला. रात्री शिफ्टनंतर, कॉलेजनंतर एकत्र जमणाऱ्या माणसांनी मराठी रंगभूमीला काय दिलं, त्याची ही नाशिकपुरती थोडकी नोंद.

पण आपल्यासारखे बहुतेक ग्रुप कुठल्याच नोंदीत येणार नाहीत, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अनेक ग्रुप मी फुटताना पाहिले. कुणाला भूमिका मिळाली नाही म्हणून, कुणाचं नाव जाहिरातीत खाली आलं म्हणून, निकालानंतर दोष कुणाचा यावरून. नाटक एका रात्रीत संपतं आणि त्यापायी तुटलेली माणसं वीस वीस वर्षं एकमेकांच्या घरच्या कार्याला जात नाहीत. तेव्हा त्या मुलीला मी काय सांगणार आहे ते ऐका, आणि चुकत असेन तर अडवा.

मैत्री बाजूला ठेवू नकोस, असं सांगणार आहे. तिच्याच जोरावर तू रात्री अकराला दमलेल्या माणसाला ‘पुन्हा एकदा पहिल्यापासून’ म्हणू शकतेस. मित्राला भूमिका नाकारायची असेल तर चारचौघांत नको, आधी एकट्याला गाठून आणि कारण देऊन नाकार. त्याची चूक सर्वांसमोर दाखवायची असेल तर कौतुकही सर्वांसमोरच कर. ज्याला रंगमंचावर वाक्य नाही त्याच्या वेळेची किंमत नायकाच्या वेळेइतकीच धर. आणि तुझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तुला जे सांगितलं असेल ते तालमीत कधीही वापरू नकोस, प्रयोग पडला तरी चालेल. नाटकासाठी लागणारं सगळं संहितेत, नटाच्या शरीरात आणि आवाजात असतं. ते शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ मित्रच देतात.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या मुलांना तालमीला जागा नाही. शाळा रात्री वर्ग देत नाहीत, सभागृहाचं भाडं त्यांना परवडत नाही, फ्लॅटमध्ये आवाज झाला की शेजारी दार वाजवतात. कर्णिक, तुझ्या सोसायटीचा हॉल आठवड्यातले पाच दिवस रिकामा असतो, तुझ्या कमिटीशी बोल. सुखात्मे, तू आता निवृत्त आहेस. संध्याकाळी दोन तास त्यांच्या उच्चारांकडे बघ. बेणारे, त्यांच्या नायिकेला भेट. आणि नाशिककरांनो, तुम्ही हे वाचत असाल तर या हिवाळ्यात स्पर्धेची प्राथमिक फेरी बघायला या. नाममात्र तिकिटात पूर्ण नाटक असतं. दिवसभर काम करून रात्री रंगमंचावर उभी राहणारी ही माणसं तुमच्याच गल्लीतली आहेत. समोरच्या खुर्च्या भरायचं काम तुमचं.

तुमची,
दिग्दर्शक