मांडीचा घेर

माणसाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आता नवल राहिलेले नाही. पण आमच्या वसमतच्या शेजारी चाचांनी शेत राखणाऱ्या शेरूचे असे ऑपरेशन मोठ्या शहरात नेऊन करून आणले, तेव्हा मोहल्ला हसला.

गुडघ्यातला अस्थिबंध तुटला की कुत्रा तो पाय उचलून चालतो आणि मांडीचे स्नायू झिजतात. ऑपरेशननंतर पाय टेकतो, पण त्यावर भार किती देतो हे नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी मांडीचा घेर मोजायला सांगितले. चाचांनी ते काम आम्हा मास्तरांकडे दिले. लाळ लागलीच तर हात-कपडे धुऊन आम्ही नमाजला जातो.

रीत साधी, पण कडक. कुत्रा कुशीवर, पाय दर वेळी सारखाच ताणलेला. खुब्यापासून मांडीच्या 70 टक्के लांबीवर टेप. ताण सारखा, मोजणारा हात एकच. तीनदा मोजून सरासरी काढायची, मग दुसरा पाय. टेपमध्ये सूज आणि चरबीही मोजली जाते, हेही ध्यानात ठेवायचे.

आठव्या आठवड्यात शेरूचे लंगडणे थांबले. चाचा म्हणाले, ‘‘बरा झाला, आता फिरवणे बंद.’’ टेप मात्र 2 सेंटिमीटर कमी दाखवत होती. बांधाच्या चढावरचे हळू चालणे चालूच ठेवले.

वर्गातली मुले विचारतात, ‘‘सर, कुत्ते की रान कायकू नापते?’’

आम्ही विचारतो, ‘‘अंगणवाडीत तुमच्या धाकट्या भावाचा दंड कशाला मोजतात?’’ तिथे 11.5 सेंटिमीटरखाली तीव्र कुपोषण धरतात. तान्ह्याला आपली भूक कुठे सांगता येते? मुले गप्प होतात, मग टेप धरायला येतात.