धुळीतली रेघ

शनिवारी म्हसळ्याला घरी गेलो. आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन महिने झाले. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. त्यांच्याशी बोलायचं काय, म्हणून मी आपला लॅपटॉप उघडून बसलो. त्यावरच्या वारली चित्राच्या स्टिकरवर आजोबांनी बोट ठेवलं, आणि मला एकदम जिव्या सोमा मशे आठवले.

तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे. जन्म १९३४. लहानपणी आई गेली आणि या पोराने बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं की धुळीत चित्र काढायचा. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाशिणी. हा बाप्या मात्र रोजच काढायला लागला. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, बस्स! १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी ती चित्रं शहरात पोचवली. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये मशे गेले. त्यांचं माशांच्या जाळ्याचं चित्र बघा कधीतरी, एकेक रेघ मोजून काढल्यासारखी.

आपण मात्र ही चित्रं मगवर छापतो आणि विसरतो. असो.

आईकडून ताटात तांदळाचं पीठ मागून घेतलं नि आजोबांपुढे ठेवलं. डाव्या हाताचं बोट फिरलं. एक आडवी रेघ, वर त्रिकोण.

"घर का, आजोबा?"

मान हलली. नाही. पीठ सारखं करून पुन्हा काढलं, या वेळी खाली लाटा.

"शिडाची होडी!"

तीन महिन्यांनी आजोबा हसले. लॅपटॉप कधी बंद केला, आठवत नाही.