सुरत ते भावनगर : आकाशातील अंतर आणि पायांखालचे अंतर

नकाशावर सुरत आणि भावनगर ही शहरे अगदी समोरासमोर दिसतात. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर अवघे 91 किलोमीटर आहे. रस्त्याने निघालेल्या कुटुंबाला मात्र साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करावा लागतो. मध्ये खंभातचे आखात पसरलेले आहे. तापी, नर्मदा, मही आणि साबरमती या चारही नद्या त्याला येऊन मिळतात. त्या चारही ओलांडून, आखाताला वळसा घालून, गाडी सौराष्ट्रात उतरते, तोवर अर्धा दिवस सरलेला असतो.

ताशी तीनशे किलोमीटर वेगाचे लहान विमान हे अंतर कापू लागले, तर गणिताने अठरा मिनिटे पुरतात. परंतु उड्डाण, चढण, वळण आणि उतरण धरून अर्धा तास मोजणेच योग्य. या मार्गावर नऊ आसनी विमानांची सेवा पूर्वी झालेली आहे. तथापि अशा सेवा कधी सुरू असतात, कधी बंद. म्हणून बेत आखण्यापूर्वी चौकशी करावी. विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ, सामानाची वाट पाहणे आणि भावनगरहून पालिताण्यापर्यंतचे सुमारे पन्नास किलोमीटर जमेस धरले, तर अर्ध्या तासाचे तीन तास होतात. व्यापारी माणूस नफा काढताना वाहतूक आणि हमाली विसरत नाही. प्रवासाचा हिशेबही तसाच मांडावा.

तिसरा मार्ग पाण्याचा. 8 नोव्हेंबर 2020 रोजी हजिरा ते घोघा अशी जहाजसेवा सुरू झाली. वाहनासह चार तासांच्या सुमारास आखात ओलांडता येते. घोघा हे बंदर श्री नवखंडा पार्श्वनाथांचे प्राचीन तीर्थही आहे, त्यामुळे जहाजातून उतरताच पहिले दर्शन घडते.

कापडाच्या खरेदीसाठी सुरतेस जाणाऱ्या खानदेशातील कुटुंबांना हा हिशेब विशेष उपयोगाचा आहे. खरेदी आटोपली की पेढी उघडण्यापूर्वी दोन दिवस उरतात. रस्त्याने गेल्यास त्यांतील एक दिवस जाण्यायेण्यातच खर्ची पडतो, आणि घरातील वृद्ध आजी बहुधा मागेच राहतात. आखात ओलांडून गेल्यास त्या थकण्यापूर्वी तळहट्टीस पोहोचतात. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते, ती कार्तिकी पौर्णिमेस उघडते. हे ध्यानात ठेवूनच तिकीट काढावे.

तळहट्टीपासून पुढे मात्र कोणतेही यंत्र कामास येत नाही. सुमारे साडेतीन किलोमीटरांची चढण आणि तीन हजारांहून अधिक पायऱ्या. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी डोली आहे. तीही माणसांच्याच खांद्यांवर. पहाटे निघालेला यात्रेकरू दादा आदिनाथांचे दर्शन घेऊन सायंकाळपूर्वी उतरतो, कारण रात्री डोंगरावर कोणी थांबत नाही. अर्ध्या तासात आखात ओलांडून आलेल्या माणसाला येथे एकेक पायरी मोजावी लागते.

त्याच आखाताला वळसा घालून साधु-साध्वी पायीच विहार करतात. विमानाने वाचवलेले तास ज्या कुटुंबाने पायरीवर आणि पूजेत वेचले, त्यालाच तो प्रवास खऱ्या अर्थाने स्वस्त पडला.